मधल्या वयाचा कप्पा

उन्हाळ्याची सुट्टी आणि मामाचे गाव ही जोडी मराठी घरांत फार जुनी. आंबे, पत्ते, नदी, विहीर, अंगणातल्या बाजा यांच्या आठवणी अनेकांनी लिहिल्या. पण त्या सुट्टीत मामाने काय करायचे असते, हे कोणी फारसे लिहून ठेवलेले नाही. आमच्या किनवटला मे महिन्यात सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसते. पैनगंगेचे पात्र डोहांपुरते उरलेले असते, सागाच्या रानात पानगळ होऊन गेलेली असते आणि माणसे दारे लोटून घरात बसलेली असतात. अशा सहा तासांच्या दुपारी मी यंदा एका कामाला लावल्या. बारा ते सोळा या वयाच्या मुलांसाठी किंवा त्या वयाच्या मुलांविषयी लिहिलेली पुस्तके मी ओळीने वाचली. माझे वय बावन्न. निमित्त होते दहावीची परीक्षा देऊन परभणीहून नंदीग्राम एक्सप्रेसने आलेली माझी भाची.

तिच्यासाठी पुस्तके शोधताना पहिली गोष्ट लक्षात आली ती कपाटांची. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला आणि त्यानंतर अ, ब, क, ड वर्गांतली अनुदानित वाचनालये लहान गावांपर्यंत पोचली. तालुक्याच्या गावातले एखादे वाचनालय डोळ्यांसमोर आणा. एका कपाटावर ‘बालविभाग’ अशी चिठ्ठी असते. आत इसापनीती, पंचतंत्र, बिरबल आणि थोरांची चाळीस पानी चरित्रे. शेजारच्या कपाटात एकदम ‘स्वामी’ आणि ‘मृत्युंजय’. मधे काही नाही. ज्याला बिरबल लहान वाटू लागला आणि कर्ण अजून पेलत नाही, त्या तेरा वर्षांच्या वाचकाने कुठे जायचे? बहुतेक जण गाईडांकडे जातात, आता मोबाइलकडेही. वाचन सुटते ते याच वयात.

वास्तविक या वयासाठी मराठीत काही लिहिलेच गेले नाही, असे मुळीच नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर 1971 पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ना. धों. ताम्हणकरांचा गोट्या आणि त्यांची चिंगी आहेत. भा. रा. भागवतांनी तर अर्धे आयुष्य याच वाचकासाठी खर्च केले. साहित्य अकादमी 2010 पासून बालसाहित्यासाठी वेगळा पुरस्कार देते. 2025 साली तो आपल्या नांदेडच्या डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला मिळाला. पुस्तके आहेत. त्यांना कप्पा नाही, आणि ती वाचून मुलांशी बोलणारे मोठे माणूस घरात नाही.

सुरुवात फास्टर फेणेपासून केली. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि त्याचे ते ‘ट्टॉक्’. या वयात तो पुन्हा वाचताना रहस्यापेक्षा वेगळीच गोष्ट नजरेत भरली. संकट दिसते ते आधी या पोराला. मोठ्या माणसांच्या ध्यानात ते सावकाश येते. लहानपणी वाचताना आपण बन्याच्या सायकलवर असतो. बावन्नाव्या वर्षी वाचताना आपण उशिरा पोचणाऱ्या मोठ्यांमध्ये उभे असतो. या उन्हाळ्याच्या वाचनाचे सूत्र मला इथेच सापडले. किशोरांच्या पुस्तकांत मोठी माणसे मुलांच्या उंचीवरून दिसतात. आपण स्वतःला कधी त्या उंचीवरून पाहिलेले नसते.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही 2004 सालची कादंबरी. ती मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण तिचा सांगणारा नववीतला आहे. काळ 1975 च्या आणीबाणीचा. मुकुंद जोशीला शिरोडकर आवडते, आणि हे ज्यांना कळता कामा नये अशा माणसांनी त्याचे जग भरलेले आहे: आई, वडील, बहीण, मास्तर. त्यात एक नरूमामा मात्र असा आहे, की ज्याच्याशी बोलता येते. तो काही मोठे उपदेश करत नाही. ऐकून दचकत नाही, एवढीच त्याची थोरवी. मामा या नात्याचे खरे काम काय, हे मला इतक्या स्वच्छपणे कोणी सांगितले नव्हते.

मग हाती आले ‘रानातील प्रकाश’. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या 1953 च्या कादंबरीचा जी. ए. कुलकर्णी यांनी केलेला अनुवाद. चार वर्षांचा असताना पळवून नेलेला एक गोरा मुलगा लेनापी आदिवासींमध्ये वाढतो, त्यांचाच होतो. अकरा वर्षांनी मोठ्यांमध्ये तह होतो आणि त्याला ‘स्वतःच्या’ घरी परत पाठवतात. कपडे बदलतात, भाषा बदलते, नाव बदलते. त्याचे भलेच चालले आहे, याविषयी घरात कोणाला शंका नसते. किनवटमध्ये बसून हे पुस्तक वाचणे सोपे नाही. 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यात घराघरांत गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू, दखनी बोलली जाते. सहा-सात वर्षांचे पोर आश्रमशाळेत येते आणि मराठी पाटीवर गिरवू लागते. शाळा हवीच, मराठीही हवी. पण त्या पोराने मागे काय ठेवले, हे विचारणारा कोणी हवा की नको? शेवटी रिक्टरचा नायक दोन्हींकडचा राहत नाही. हे वाचलेल्या शिक्षकाला आपला वर्ग थोडा वेगळा दिसेल, असे मला वाटते.

ल. म. कडू यांच्या ‘खारीचा वाटा’ला 2017 चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणात गाव जाणार म्हणून उठावे लागलेल्या मुलाची ती गोष्ट. निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडिताची चर्चा ज्या गावांनी वर्षानुवर्षे पारावर ऐकली, त्या गावांतल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. मोठ्यांच्या मोर्चात आणि निवेदनात जमिनीचा हिशेब असतो, आणि तो असलाच पाहिजे. पण मुलाला आपल्या झाडाचे, आपल्या खारीचे काय होणार याची काळजी असते, आणि त्यासाठी कोणत्याही अर्जात रकाना नसतो.

सर्वांत जास्त दिवस लागले ते ‘पाडस’ला. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या 1938 च्या कादंबरीचा राम पटवर्धन यांनी केलेला हा अनुवाद मराठीतल्या उत्तम अनुवादांपैकी एक. फ्लोरिडाच्या रानात राहणारा ज्योडी हरणाचे एक पाडस पाळतो. ते मोठे होते आणि मक्याचे कोवळे पीक खाऊ लागते. ते पीक म्हणजे घराचे वर्षाचे पोट. शेवटी त्या पाडसाला मारावे लागते, आणि शेवटची गोळी ज्योडीलाच घालावी लागते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात करुण कथा दिसेल. आमच्या भागात रानाला लागून ज्यांची शेते आहेत, ते रानडुकरे आणि रोही यांच्यापायी रात्र रात्र जागलीला जातात. त्यांच्या घरातल्या मुलाला पाडसही कळते आणि मक्याचे ताटही कळते. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात, हे शिकण्याचे वय हेच.

ते पुस्तक भाचीने माझ्या आधी संपवले. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रात्री गच्चीवर अंथरुणे घालताना म्हणाली, “मामा, ज्योडीच्या बापानं त्याला निदान कुंपण घालून तरी बघू दिलं.”

खरेच आहे ते. पीक पहिल्यांदा खाल्ले गेले तेव्हा बाप अंथरुणाला खिळलेला होता. पाडसाला लगेच मारून टाक, असे तो म्हणाला नाही. पुन्हा पेरायला आणि कुंपण उंच करायला त्याने ज्योडीला अवधी दिला. कुंपण पुरले नाही, ही गोष्ट वेगळी.

भाची कोणत्या कुंपणाविषयी बोलत होती, ते मला कळायला वेळ लागला नाही. दहावीचा निकाल लागायच्या आत तिचे लातूरला जायचे ठरले होते: दोन वर्षे वसतिगृह, शिकवणी आणि ‘नीट’. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या कितीतरी सामान्य घरांतली मुले डॉक्टर केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिच्या आईबापांचे स्वप्नही लबाडीचे नव्हते. फक्त ते ठरले तेव्हा ती खोलीत नव्हती. आम्ही त्या रात्री दोन वाजेपर्यंत बोललो. ज्योडीविषयी बोलतो आहोत असे दाखवत तिच्याविषयी बोललो. दुसऱ्या दिवशी मी बहिणीला आणि भावजींना बोलावून घेतले. पुढे काय ठरले, ते इथे सांगण्याचे कारण नाही. ठरताना या वेळी ती खोलीत होती, एवढे पुरे.

कोणी म्हणेल, मोठ्यांनी मुलांची पुस्तके वाचणे म्हणजे त्यांच्यावर पाळत ठेवण्याचाच नवा प्रकार. तसे होऊ शकते. मूल काय वाचते हे तपासण्यासाठी आपण पाने चाळली, तर ते पुस्तक मूल पुन्हा उघड्यावर ठेवणार नाही. पण तेच पुस्तक आपल्यासाठी वाचले, रडू आले तर लपवले नाही, आणि वाचून झाल्यावर ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न तोंडावर येऊ दिला नाही, तर दोघांच्या मधे एक तिसरी गोष्ट येऊन बसते. ‘तुझे काय चालले आहे?’ या प्रश्नाला पंधराव्या वर्षी उत्तर नसते. ‘ज्योडीने काय करायला हवे होते?’ याला असते.

म्हणून मागणी लहानशीच आहे. वाचनालयांच्या चालकांनी पुढच्या खरेदीत बारा ते सोळा वयासाठी एक कप्पा करावा. तो बालविभागात नको आणि कादंबऱ्यांतही नको. मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर, वेगळी चिठ्ठी लावून करावा. शाळांनी पेटीतली पुस्तके सुट्टीत कुलूपबंद न ठेवता घरी न्यायला द्यावीत. फाटतील चार, फाटू द्यावीत. आणि घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने, मग ते मामा असोत, मावशी असो की आजोबा, वर्षाला यातले एक पुस्तक वाचावे. दोनशे पानांना आमच्याकडच्या चार दुपारी पुरतात. दुपारी काय, किनवटला पुष्कळ असतात.