विश्लेषण : फॅन फिक्शन वाचण्यासाठी ई-रीडर कोणता? आधी फाइल पाहा, मग पडदा!

नांदेड-हिंगोली मार्गावरचे डोंगरकडा केळीच्या बागांसाठी ओळखले जाते. अशा गावातल्या वाचकाच्या हातातही आज कथांचा मोठा साठा आहे, तो मोबाइलमध्ये. आवडत्या कादंबरीतल्या किंवा मालिकेतल्या पात्रांना घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, म्हणजे फॅन फिक्शन, त्यातच येतात. तासन्‌तास मोबाइलकडे पाहून डोळे थकले की ई-रीडर घेण्याचा विचार सुरू होतो. मात्र जाहिरातीत ठळकपणे सांगितली जाणारी वैशिष्ट्ये या वाचनासाठी दुय्यम ठरतात. ती का, आणि निवड कशी करावी, याचा हा आढावा.

फॅन फिक्शन म्हणजे काय?

दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घेऊन चाहत्याने रचलेली नवी कथा. मूळ कथा जिथे संपली तिथून पुढे, किंवा ‘असे झाले असते तर’ या धाग्यावर ती चालते. मराठीला ही वृत्ती परकी नाही. मोरोपंतांची रामायणे ‘अष्टोत्तरशत’ म्हणून ओळखली जातात. एकच कथा पुन्हापुन्हा नव्या तऱ्हेने सांगण्याची हौस त्यामागे आहेच. फरक इतकाच, की आजच्या पात्रांवर मूळ लेखकाचा स्वामित्व हक्क असतो. म्हणून फॅन फिक्शन सहसा विकले जात नाही, मोफत वाचायला दिले जाते. ई-रीडर निवडताना कळीचा मुद्दा हाच आहे.

ई-रीडर मोबाइलपेक्षा वेगळा कसा?

त्याच्या पडद्यात ई-इंक असते. अतिसूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे कण विजेच्या भाराने वर-खाली होतात आणि अक्षरे उमटतात. एकदा उमटलेले पान टिकवायला वीज लागत नाही, ती पान उलटताना लागते. त्यामुळे एकदा चार्ज केलेले यंत्र रोजच्या वाचनात आठवडे चालते. भारनियमनाच्या गावात ही मोठी सोय. कागदाप्रमाणे हा पडदाही बाहेरच्या उजेडात स्पष्ट दिसतो, त्यामुळे भर दुपारी शेतातही वाचता येते. शिवाय वाचता वाचता मध्येच संदेश टपकत नाहीत.

मग पहिला निकष कोणता?

दुकानाबाहेरची फाइल यंत्रात किती सहज घालता येते, हा. बहुतेक ई-रीडर एखाद्या पुस्तक विक्रेत्या कंपनीचे असतात आणि त्या कंपनीच्या दुकानातून पुस्तके घ्यावीत अशीच त्यांची रचना असते. फॅन फिक्शन त्या दुकानात क्वचितच मिळते. म्हणून कथा कुठे वाचायच्या हे आधी ठरवावे आणि यंत्र नंतर.

कथास्थळांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे ना-नफा तत्त्वावरचे संकेतस्थळ २००९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तिथे एक कोटीहून अधिक रचना आहेत, त्यात इंग्रजीचा वाटा मोठा. तिथली कथा ईपब, एझेडडब्ल्यू३, मोबी, पीडीएफ किंवा एचटीएमएल स्वरूपात उतरवून घेता येते. दुसरा प्रकार प्रतिलिपी आणि वॉटपॅड यांचा. मराठी हौशी लेखन इथे वाचायला मिळते, पण ते त्यांच्याच ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर. कथेची ईपब फाइल तिथे हाती पडत नाही.

किंडल, कोबो की अँड्रॉइड?

किंडलवर बाहेरचे ॲप चालत नाही. म्हणजे प्रतिलिपी हेच मुख्य वाचन असेल, तर किंडल घेऊन उपयोग नाही. आर्काइव्हच्या कथांसाठी मात्र ते चालते. ‘सेंड टू किंडल’ ही सेवा २०२२ पासून ईपब फाइल स्वीकारते. त्यासाठी इंटरनेट लागते. केबलने थेट टाकलेली ईपब फाइल किंडल उघडत नाही, त्यामुळे केबलने टाकायची तर एझेडडब्ल्यू३ स्वरूप घ्यावे. हे रूपांतर करणारे ‘कॅलिबर’ हे मोफत सॉफ्टवेअर कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केले. ॲमेझॉनने विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. त्यामुळे किंडलमध्ये केबलने काहीच घालता येत नाही, असा समज पसरला. तो चुकीचा आहे. स्वतःच्या फाइल आजही घालता येतात.

कोबोची यंत्रे ईपब थेट उघडतात, पण भारतात ती किंडलइतकी सहज मिळत नाहीत. तिसरा पर्याय ओनिक्स बूक्ससारख्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-इंक यंत्रांचा. त्यांत प्रतिलिपी, वॉटपॅडची ॲप टाकता येतात. मात्र ही यंत्रे महाग असतात, बॅटरी लवकर संपते आणि ॲपमधले पान सरकवताना पडदा अडखळतो.

मराठीची वेगळी अडचण काय?

ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तके किंडलवर आणली. पण दुकानातले मराठी पुस्तक नीट दिसते म्हणून बाहेरची मराठी फाइलही नीट दिसेलच असे नाही. कुठे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, कुठे जोडाक्षर फुटते. म्हणून यंत्र परत करण्याची मुदत संपण्याआधीच महाराष्ट्र, तत्त्व, दुसऱ्या, कवि, ज्ञानेश्वर असे शब्द असलेली छोटी फाइल घालून पाहावी.

पीडीएफचे दुखणे आणखी वेगळे. मराठीतली बरीच मोफत ई-पुस्तके या स्वरूपात आहेत. ए-४ आकाराचे पान २१ सेंटिमीटर रुंद, तर सहा इंची पडदा जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद. म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर पाच पॉइंटपर्यंत आक्रसते. ईपबमध्ये अक्षर हवे तितके मोठे करता येते, पीडीएफमध्ये नाही. ती फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर रूपांतर केल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ हाती येतो.

आकार, साठवण, रंग यांचे काय?

लाखभर शब्दांची चित्रांशिवायची कथा ईपबमध्ये साधारण एका एमबीच्या आतबाहेर बसते. म्हणजे १६ जीबीच्या यंत्रात हजारो कथा मावतात. त्याहून अधिक साठवणीसाठी पैसे मोजू नयेत. निव्वळ मजकूर वाचायचा तर रंगीत पडद्याचीही गरज नाही. रात्री वाचणाऱ्यांनी आतला दिवा आणि त्याचा पिवळसर उजेड मात्र पाहून घ्यावा. मोठ्या अक्षरात वाचणाऱ्यांना सात इंची पडदा सहा इंचीपेक्षा सोयीचा. पण २०२५ मध्ये आलेल्या सात इंची पेपरव्हाइटची भारतातली किंमत १६,९९९ रुपये होती. केळीच्या भावावर वर्षाचे गणित बसवणाऱ्या घरात ही रक्कम सहज निघत नाही.

स्वतःजवळ फाइल असणे इतके महत्त्वाचे का?

कारण मोफत मिळालेली कथा कधीही नाहीशी होऊ शकते. लाइव्हजर्नलने २००७ मध्ये शेकडो खाती अचानक बंद केली आणि त्यांवरचे चाहत्यांचे लेखनही गेले. ‘आर्काइव्ह’ची गरज पटवून देणाऱ्या घटनांपैकी ही एक. विकत घेतलेल्या पुस्तकाचीही हमी नसते. ॲमेझॉनने २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबऱ्यांच्या काही प्रती वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या आणि नंतर माफी मागितली. उतरवून ठेवलेली फाइल स्वतःच्या वाचनासाठी जपावी. ती छापून विकणे मात्र लेखकावर आणि मूळ निर्मात्यावर अन्याय करणारे आहे.

डोंगरकड्याच्या वाचकाने काय करावे?

यंत्र हाताळून पाहता येईल असे दुकान गावात मिळणे कठीण, त्यामुळे खरेदी बहुधा ऑनलाइनच होणार. तेव्हा पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. माझ्या कथा फाइलरूपात मिळतात की फक्त ॲपमध्ये? ती फाइल हे यंत्र उघडते का? आणि मराठी नीट दिसते का? कथा ॲपमध्येच असतील आणि अँड्रॉइड यंत्र परवडत नसेल, तर हातातल्या मोबाइलवर अक्षर मोठे आणि उजेड कमी करून वाचणे हाच शहाणपणाचा मार्ग.

यात सार्वजनिक यंत्रणेचाही वाटा असायला हवा. राज्यात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांनी दोन-तीन ई-रीडर घेऊन वाचकांना पुस्तकासारखे घरी नेऊ दिले, तर सतरा हजारांची खरेदी अंदाजाने करावी लागणार नाही. मराठी कथास्थळांनीही लेखकाच्या संमतीने ईपब उतरवण्याची सोय द्यावी. इंग्रजीत वाचणाऱ्याला आपली कथा जपून ठेवता येते. मराठी वाचकालाही ती मुभा मिळायला हवी.