जूनचा सत्कार, जानेवारीची फी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मालेगावात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत मंच उभे राहतात. शाल, ट्रॉफी, फुलांचा गुच्छ, पाहुण्यांची भाषणे, मग फोटो. मुलांचे कौतुक व्हायलाच हवे, त्यात गैर काही नाही. पण त्यांतलीच मुले-मुली पुढे पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथे शिकायला जातात आणि डिसेंबर-जानेवारीत त्यांचे कसे चालले आहे, हे विचारायला कोणी नसते. पैशाची खरी अडचण मात्र त्याच दिवसांत येते. या महिन्यात आम्ही तेवढ्याचबद्दल लिहिणार आहोत.

हिवाळाच का, असे कोणी विचारील. प्रवेशाच्या वेळी घर तयारीत असते. कोणी भिशी उचलतो, कोणी मामाकडून उसने घेतो, कोणी अम्मीची बांगडी मोडतो. पहिली फी भरली जाते, वसतिगृहाचे डिपॉझिट जाते, गादी-बादली येते. घराला वाटते, मोठे काम झाले. पहिल्या सत्राची परीक्षा संपते आणि नव्या सत्राचा खर्च दारात उभा राहतो. फीचा हप्ता, परीक्षेचा अर्ज, मेसचे थकलेले पैसे, प्रोजेक्टची छपाई, एखाद्या स्पर्धा परीक्षेचा फॉर्म. शिष्यवृत्तीचा अर्ज तेव्हा बहुधा कुठल्या तरी टेबलावर ‘छाननीत’ असतो. त्यात थंडी. पुण्यात पाषाण, शिवाजीनगर, गणेशखिंड या भागात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. मालेगावातून नेलेली एक चादर तिथे पुरत नाही. पाणी तापवायचा रॉड वसतिगृहात चालत नाही. सापडला तर जप्त होतो आणि वर दंड बसतो.

आता आपल्या घरांचा हिशेब पाहा. मालेगाव यंत्रमागावर चालते. कारागिराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते आणि आठवड्याला हातात पडते. जुम्म्याला माग बंद, बाजार भरलेला. किराणा, दूध, दवाखाना, सगळे त्या आठवड्याच्या पैशातून निघते. सूत महागले, कापडाला उठाव नसला, वीज गेली, की तो आठवडा कोरडा जातो. म्हणजे घर आठवड्यावर चालते, मेस महिन्यावर चालते आणि विद्यापीठ सत्रावर चालते. तिन्हींचे वेळापत्रक जुळत नाही आणि त्याची झळ मुलाला बसते. वर्षाची बेरीज केली तर कितीतरी घरांना तो खर्च पेलण्यासारखा असतो. पण ज्या तारखेला पैसे हवेत, त्या तारखेला ते घरात नसतात.

आमच्या हाताखालून गेलेला एक मुलगा पुण्यात एमएस्सी करत होता. जानेवारीत तो बॅग घेऊन घरी आला आणि चुलत्याच्या मागावर कामाला लागला. विचारले तर म्हणाला, “सर, अगले साल देखेंगे.” खोदून विचारल्यावर कळले की मेसचे दोन महिने थकले होते आणि परीक्षेच्या अर्जाची मुदत संपत होती. वडिलांकडे पुढच्या आठवड्यात पैसे येणार होते, पण तारीख या आठवड्यात होती. विलंब शुल्क भरून अर्ज देता आला असता. तेही कोणाजवळ मागायची त्याला लाज वाटली. एक पूर्ण सत्र गेले. अडलेली रक्कम एखाद्या सत्कार समारंभातल्या मंडप-माइकच्या भाड्याहून जास्त नव्हती.

मुले घरी खरे सांगत नाहीत, हे आधी समजून घ्या. फोनवर ‘सब ठीक है अम्मी’ हेच ऐकू येते. अब्बा आधीच ओव्हरटाइम करतात, त्यांना अजून ताण नको, असा त्यांचा विचार असतो. हातखर्च कमी पडला की आधी नाश्ता बंद होतो. मग मेसमध्ये ‘खाडा’ लावला जातो. खाडा म्हणजे जेवायला येणार नाही असे आधी कळवायचे, म्हणजे तेवढ्या जेवणाचे पैसे कापले जातात. गावी जायचे असेल तेव्हाची ही सोय, पण काही मुले खोलीत असतानाच खाडा लावतात. दोघांत एक डबा मागवणारेही आहेत. वसतिगृहात नंबर लागला नाही तर मित्राच्या खोलीत चोरून राहायचे. पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत अशा मुलाला ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द हसतखेळत वापरला जातो, पण तपासणीच्या रात्री त्या मुलाच्या जिवाला काय वाटत असेल, याचा विचार करावा. उपाशी पोटी थंडीत रात्र-रात्र अभ्यास करणारा मुलगा फेब्रुवारीत आजारी पडतो, तेव्हा वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट दवाखान्यात जातात.

म्हणून घराने पहिले काम करावे ते विचारण्याचे. ‘पैसे आहेत का?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ येते. ‘आज दुपारी काय जेवलास? मेसचे कितीपर्यंत भरले? परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख कोणती?’ असे विचारावे. जुम्म्याला घरात सगळे असतात, आठवड्याचा हिशेब ताजा असतो. त्याच दिवशी दहा मिनिटे मुलाशी फक्त हिशेबाचे बोलावे, ओरडू मात्र नये. ज्या घरात हिशेब विचारणे म्हणजे ओरडणे असते, तिथली मुले खर्च लपवायला शिकतात.

दुसरे काम आठवड्याच्या डब्याचे. समजा, दर आठवड्याला तीनशे रुपये वेगळे काढले. सत्र साधारण सव्वीस आठवड्यांचे धरले, तर 7,800 रुपये होतात. त्यात फी भागणार नाही, पण परीक्षेचा अर्ज, एखाद्या महिन्याची मेस आणि एक रजई निघेल. हे पैसे मुलाच्या हातखर्चात मिसळू देऊ नका. मुलांनीही आपला हात पाहावा. मोबाइलवरून पैसे देताना खिशातून काही गेल्यासारखे वाटत नाही. कँटीनमध्ये चहा आणि वडापाव मिळून रोज चाळीस रुपये गेले तर महिन्याला बाराशे होतात. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही. मित्र तिथेच होतात, अभ्यासाच्या गोष्टी तिथेच होतात. रोज रात्री दिवसाचा खर्च वहीत लिहिला, तरी आपोआप लगाम बसतो. शहरात खासगी अभ्यासिकेला महिन्याचे पैसे मोजावे लागतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात शिकणाऱ्याला जयकर ग्रंथालय आहे. पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांचे नाव त्याला दिले आहे. हिवाळ्यात तिथे बसून वाचणाऱ्याचे अभ्यासिकेचे पैसे वाचतात.

तिसरे काम कागदांचे, आणि ते थंडी पडण्याआधीच उरकायचे असते. राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतात. पैसे थेट खात्यात येतात, पण ते खाते आधारशी जोडलेले असावे लागते. कितीतरी मुलांचे पैसे या एका कारणाने अडकतात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, हे ध्यानात ठेवून नवा दाखला वेळेवर काढावा. आपल्याकडच्या मोमीन-अन्सारींसारख्या बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी जन्मनोंद, जे काही ट्रंकेत असेल ते आत्ताच शोधून ठेवा. नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणीला महिने जातात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती, वसतिगृहात राहण्यासाठीचा डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, उच्च व व्यावसायिक शिक्षणासाठीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती, यांपैकी आपण कशात बसतो हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात स्वतः जाऊन विचारावे. पण मिळणारच असे धरून खर्च करू नये. संशोधन करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने 2022-23 पासून बंद केली. तिच्या भरवशावर पुढचे बेत केलेल्या मुलांना ते फार जड गेले.

मुलींसाठी दोन सवलती आवर्जून सांगतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना 2024-25 पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. आणि मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. मालेगावला रेल्वे नाही, मनमाडला जाऊन गाडी पकडावी लागते. तिथपर्यंतही एसटीच कामी येते. फी माफ झाली तरी खोली आणि जेवण उरतेच. ते जमेना म्हणून ‘आता घरीच बस’ असे म्हणण्याआधी घराने एकदा कागद-पेन घेऊन नक्की किती कमी पडते ते लिहून काढावे. आमचा अनुभव असा की लिहून काढलेली रक्कम मनातल्या भीतीपेक्षा लहान निघते.

चौथी गोष्ट कामाची. पुणे विद्यापीठात आणि त्याच्या महाविद्यालयांत ‘कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका’ योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरावीक तास काम करायचे आणि तासांप्रमाणे मोबदला घ्यायचा. काही घरांना हे कमीपणाचे वाटते. भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जाती-धर्मांची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कष्टाची कामे स्वतः करत. एकदा मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडले. मुलांची भूक उद्यावर ढकलता येत नाही, हे त्या माऊलीला कळले होते. त्यांच्या नावाच्या योजनेत झाडलोट करून शिकणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही.

रमजानचेही आधीच ठरवावे लागते. तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. 2026 मध्ये फेब्रुवारीत, 2028 मध्ये जानेवारीच्या अखेरीस. म्हणजे पुढची काही वर्षे रोजे थंडीत आणि सत्र चालू असताना येणार. मेस पहाटे उघडत नाही. महिनाभर खाडा लावून मेसवाल्याशी आधी बोलले तर काही ठिकाणी रात्रीचा डबा मिळतो. पाच-सहा मुलांनी मिळून सहरीची व्यवस्था केली तर खर्च वाटला जातो. घरून खजूर, सत्तू, सुका नाश्ता पाठवता येतो. पाण्यावर रोजा ठेवून परीक्षेला बसणाऱ्या मुलाचा अभिमान जरूर बाळगा, पण त्याला सहरीला काय मिळते हेही विचारा.

शेवटी मोहल्ल्याला, जमातींना आणि सत्कार करणाऱ्या मंडळांना एक विनंती. कर्ज-ए-हसना आपल्याला नवे नाही. एक लहानसा निधी असा ठेवावा की फक्त डिसेंबर ते मार्च बाहेरगावी शिकणाऱ्या मुला-मुलींची अडलेली तारीख सांभाळायची. रक्कम लहान, बिनव्याजी, दोन दिवसांत हातात. फॉर्म एक पानाचा. फोटो नाही, नाव जाहीर नाही. घरी आठवड्याचे पैसे आले की परतफेड. तारखेच्या आत दिलेले चार हजार तारखेनंतरच्या चाळीस हजारांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. असा निधी सांभाळायला शिक्षक, डॉक्टर, एखादा मागमालक असे तीन विश्वासू लोक पुरे आहेत.

आणि ज्यांच्या घरातले कोणी आज वसतिगृहात आहे, त्यांनी हा अंक बाजूला ठेवून आत्ताच फोन लावावा. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेचा अर्ज भरला का, एवढे विचारावे. पलीकडून उत्तर यायला उशीर झाला, तर घाई न करता थोडे थांबावे. मुलांना खरे सांगायला तेवढा वेळ लागतो.