विश्लेषण : हाऊसबोटीवर रात्रीच्या मुक्कामात खरा धोका कोणता?

काश्मीरला गेलेली अनेक मराठी कुटुंबं दल सरोवरातल्या हाऊसबोटीवर एखादी रात्र काढतात. केरळला गेलं की वेंबनाड तलावात तसाच बेत ठरतो. निघताना घरच्यांना काळजी एकच असते, बोट बुडणार तर नाही ना? पण झोपेच्या वेळी पाण्याइतकाच धोका आग आणि विषारी वायूचाही असतो.

दल सरोवरात काय घडलं होतं?

११ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे दल सरोवरात आग लागली. त्यात पाच हाऊसबोटी जळून खाक झाल्या आणि बांगलादेशातून आलेल्या तीन पर्यटकांचा मृत्यू झाला. काश्मिरी हाऊसबोटी देवदारासारख्या लाकडाच्या असतात. आत गालिचे आणि जाड पडदे असतात. अनेक बोटी एकमेकींना खेटून उभ्या असल्याने आग झपाट्याने पसरते आणि अग्निशमन दलाची गाडी थेट बोटीपर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून खोलीत शिरताच बाहेर पडायच्या दोन वाटा पाहून ठेवाव्यात. त्यातली एक खिडकी असेल, तर ती खरंच उघडते का, हे तपासावं. अग्निशामक नळकांडं कुठे आहे, हेही विचारावं.

कार्बन मोनॉक्साइड इतका घातक का?

बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. बोटीच्या छोट्या केबिनमध्ये तोच धोका असतो. शेगडी, बुखारी, गॅस हीटर किंवा जनरेटरमधलं इंधन अर्धवट जळालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग असतो, ना वास. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही सुरुवातीची लक्षणं. झोपलेल्या माणसाला ती जाणवतही नाहीत.

थंडी वाजते म्हणून सगळ्या फटी बंद करून शेगडी पेटती ठेवणं ही सर्वांत मोठी चूक. झोपण्याआधी ती विझवून बाहेर ठेवावी, कारण धुमसते निखारेही हा वायू सोडतात. खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि अंगावर जास्तीचं पांघरूण घ्यावं. धुराची सूचना देणारा अलार्म हा वायू ओळखत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म लागतो. तो बॅटरीवर चालतो आणि प्रवासात सोबत नेता येतो.

बोट रात्री कुठे उभी असावी?

केरळमध्ये हाऊसबोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला बांधल्या जातात, कारण रात्री मच्छीमार जाळी टाकतात. 'थोडे जास्त पैसे घ्या, पण अंधारात फिरवा' असा आग्रह धरणं म्हणूनच धोक्याचं. केरळमधल्याच तानूर इथे ७ मे २०२३ च्या संध्याकाळी क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली पर्यटक बोट उलटली आणि २२ जणांचा जीव गेला.

वाऱ्याचा धडा महाराष्ट्रातही मिळाला आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. मोठ्या जलाशयात वाऱ्याला अडवणारं काही नसतं, त्यामुळे लाटा बघता बघता उंचावतात. एप्रिल-मेमध्ये वळवाची वादळं बहुधा दुपारनंतर येतात. छोट्या बोटीवर मुक्काम करायचा असेल, तर दुपारीच आडोशाच्या काठाला बोट बांधावी आणि वादळाचा इशारा असेल तर रात्र किनाऱ्यावरच काढावी.

पैसे भरण्याआधी काय विचारावं?

देशांतर्गत जलवाहतुकीसाठी २०२१ साली नवा कायदा झाला. त्यात नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधनांच्या तरतुदी आहेत. त्यामुळे बोटीची नोंदणी आहे का, किती माणसांची परवानगी आहे आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट्स आहेत का, हे विचारायला संकोच करू नये. झोपताना जॅकेट आणि टॉर्च हाताशी असावेत. रात्री डेकवर किंवा काठाला जोडलेल्या फळीवर एकट्याने जाऊ नये, दारू प्यायल्यावर तर नाहीच.

या प्रश्नांना पाच मिनिटं लागतात. उत्तरं द्यायला मालक टाळाटाळ करत असेल, तर दुसरी बोट पाहिलेली बरी.