शिशावरची प्रार्थना



दृढीकरणाच्या वर्गात ‘मुद्रांकित होणे’ समजावताना मी कित्येक वर्षे ऑफिसातल्या रबरी शिक्क्याचे उदाहरण देत असे. यंदा ते सोडले. आता मुलांना शिशाची मुद्रा सांगतो.

कॉन्स्टँटिनोपल ही राजधानी असलेल्या बायझंटाईन साम्राज्यात अधिकारी आपले पत्र दोऱ्याने बांधून त्यावर शिशाची लहान गोल चकती बसवत. चकतीच्या आतून आरपार भोक असे. त्यात दोरा ओवायचा, अक्षरे कोरलेल्या लोखंडी सांडशीत चकती धरायची आणि वरून हातोड्याचा घाव घालायचा. मऊ शिसे दोऱ्याला आवळून धरी आणि अक्षरे दोन्ही अंगांना एकदमच उमटत. (सम्राटाची गोष्ट वेगळी, त्याची मुद्रा सोन्याचीही असे.) पत्रे बहुतेक नाहीशी झाली, मुद्रा मात्र उरल्या. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संग्रहात सुमारे १७,००० आहेत.

त्यांवर काय लिहिलेले असते? पुष्कळांवर आधी प्रार्थना: ‘प्रभो, तुझ्या दासाला साहाय्य कर.’ कधी हीच विनंती देवमातेला. मग नाव, दरबारी मानाची पदवी आणि शेवटी हुद्दा: अमुक प्रांताचा सेनापती, न्यायाधीश, करवसुली अधिकारी. मूर्तिभंजनाच्या वादाच्या काळात अनेक मुद्रांवर ही प्रार्थना क्रुसाच्या आकारात गुंफलेल्या अक्षरांत येते. इ. स. ८४३ मध्ये प्रतिमांना पुन्हा मान्यता मिळाली आणि पुढे मुद्रांवर पवित्र मरिया व संतही परतले.

कोणी म्हणेल, हा निव्वळ दांभिकपणा. शेतकऱ्याकडे कर मागायचा आणि वर देवाचे नाव! आक्षेप खोटा नाही. प्रार्थना एकदाच कोरायची, मग ओठ न हलवता शेकडो वेळा ठोकायची. आपणही मिस्सेत ‘हे प्रभो, दया कर’ कसे म्हणतो, ते ज्याचे त्याला ठाऊक.

तरी मला ती मुद्रा दांभिक वाटत नाही. ‘माझ्या हुकमाला आशीर्वाद दे’ असे तीत म्हटलेले नाही. जिथे माणूस अधिकार मिरवतो, नेमका तिथेच सेनापती स्वतःला दास म्हणवतो, आणि तो कबुलीजबाब ज्याला हुकूम सुटला त्याच्याच हातात जातो. उद्या त्याने तो दाखवून जाब विचारला तर?

ग्रीक भाषेत मुद्रेला ‘स्फ्रागीस’ म्हणतात. दृढीकरणाच्या मुद्रेसाठीही पूर्वेकडील चर्च हाच शब्द वापरते. रबरी शिक्का कागदाच्या वरवर बसतो, शिसे दोऱ्याला आतून धरते. मुलांना हे पटकन कळते.

मला कळायला वेळ लागला. गेल्या उपवासकाळात कामासाठी परगावाहून आलेली एक बाई लेकराच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आली होती. एक कागद कमी, म्हणून मी तिला परत पाठवले. नोंदवही समोर उघडी होती, नाव सापडले होते, शिक्का खणात होता. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, दोन बस बदलून. दाखला देताना मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “असू द्या सर, ऑफिसात असंच असतं.”