हिप्परग्याचे मास्तर

डी.एड. होऊन बसलेली मुलं धाराशिवच्या अभ्यासिकांत टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, पुस्तकं घोकत असतात. ‘आवड म्हणून की नोकरी म्हणून?’ असं विचारलं की हसतात. हसणारच! पोट आणि आवड यांची वाटणी करण्याची चैन त्यांना परवडत नाही. प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० रुपये झालं, तेही कायम होण्याआधीच्या तीन वर्षांसाठी.

याच जिल्ह्यातल्या हिप्परग्यात निजामाच्या काळात राष्ट्रीय शाळा चालली. सरकारी शिक्षणात उर्दूचा वरचष्मा असताना मराठी मुलखात अशी शाळा चालवणं हे धाडसच होतं. दिल्लीत ना. म. जोशींकडे कामगार चळवळीचं काम केलेले व्यंकटेश खेडगीकर १९२९ मध्ये इथे शिकवायला आले. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढचा हैदराबाद मुक्तिसंग्राम सगळ्यांना ठाऊक आहे. पण १७ सप्टेंबरच्या, मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत त्यांची मास्तरकी एका वाक्यात उरकली जाते, हे मला खटकतं. राज्यभर हिंडण्याआधी हा माणूस वर्षानुवर्षं खेड्यातल्या पोरांसमोर उभा होता.

आज दिवाळी सरली की कळंब, वाशी, भूमकडची बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. पोराला आजीजवळ ठेवा, म्हणून शिक्षक घरोघरी विनवतात. टीईटीत यावर प्रश्न नसतो. या अंकासाठी आम्ही शिक्षकांना नेमकं त्यावरच लिहायला सांगितलं आहे.