बातमीचीही नाडी पाहावी



ताडोबाच्या आसपासच्या घरांत वाघाची बातमी आली की ज्येष्ठांची झोप उडते. म्हणून आज औषधाऐवजी बातमीविषयी लिहितो.

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या परिसरात, एक वाघीण गोळीने मारली गेली. 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. वनखात्याच्या लेखी ती 'टी-1'. काही बातम्यांत 'नरभक्षक', तर काहींत दोन बछड्यांची आई 'अवनी'. घटना एकच, पण एका शब्दाने भय जागवले, दुसऱ्याने करुणा. प्रत्येक सुराचा वाचक निराळा होता.

एका बातमीवरून वार्ताहर कळत नाही. त्याच्या चार-पाच बातम्या सलग वाचाव्यात. दरवेळी भीतीचाच सूर लागतो का? गाव, तारीख, माहिती देणाऱ्याचे नाव असते का? तो कोणासाठी लिहितो? पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्यासाठी, की घरबसल्या थरार अनुभवणाऱ्यासाठी?

आरोग्याच्या बातमीलाही हीच कसोटी लावावी. 'मधुमेह कायमचा बरा' असे मोबाईलवर वाचून माझ्या एका वृद्ध रुग्णाने गोळ्या सोडल्या. साखर वाढून त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या मजकुराच्या शेवटी काढ्याची किंमत छापलेली होती. हेतू तिथे होता. तो आधी कोणी पाहिला नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांनी ज्येष्ठांचा मोबाईल काढून घेऊ नये. शेजारी बसून बातमी शेवटपर्यंत वाचून दाखवावी. आणि कोणत्याही बातमीच्या भरवशावर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय, चालू गोळी थांबवू नये.