खाटा कोणाच्या? पत्त्याच्या पुराव्याचे राजकारण

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर रुग्णाकडून कोणता कागद मागावा, हा प्रश्न वरकरणी कारकुनी आहे. राजधानीत मात्र त्यावरून दोनदा घटनात्मक पेच उभा राहिला.

उत्तर प्रदेशच्या सीमेलगत असलेल्या गुरू तेगबहादूर रुग्णालयातील ८० टक्के खाटा दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्लीकरांसाठी राखून ठेवल्या. दिल्लीकर असल्याचा पुरावा म्हणून मतदार ओळखपत्र मागण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात हे परिपत्रक रद्द केले. समानतेचा आणि जीविताचा हक्क, म्हणजे घटनेचे अनुच्छेद १४ व २१, हा त्याचा आधार होता. तरीही ७ जून २०२० रोजी, करोनाच्या साथीत, मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी दिल्ली सरकारची व खासगी रुग्णालये दिल्लीकरांपुरती मर्यादित केल्याची घोषणा केली. केंद्राची रुग्णालये त्यातून वगळली होती. दुसऱ्याच दिवशी नायब राज्यपाल अनिल बैजल यांनी तो निर्णय फिरवला.

दिल्ली सरकारचा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे आणि खर्च दिल्लीच्या तिजोरीतून होतो. शेजारच्या राज्यांनी आपली जिल्हा रुग्णालये दुर्लक्षित ठेवावीत आणि त्याचा भार राजधानीने वाहावा, हे न्याय्य नाही. परंतु दोन सरकारांमधला हा वाद खिडकीसमोर उभ्या असलेल्या रुग्णावर ढकलला गेला, हे या दोन्ही निर्णयांचे मूळ दुखणे होय.

त्याची झळ बाहेरून येणाऱ्यांइतकीच दिल्लीत वर्षानुवर्षे राबणाऱ्यांनाही बसते. भाडेकरूच्या हाती अनेकदा भाडेकरार नसतो, विजेचे देयक घरमालकाच्या नावे येते. बांधकाम मजुराचे मतदारयादीतील नाव आणि आधारवरील पत्ता गावचाच राहतो. २०१६ च्या आधार कायद्याचे कलम ९ तर स्पष्टच सांगते की, आधार क्रमांक हा स्वतःहून अधिवासाचा पुरावा ठरत नाही. मतदार ओळखपत्राची अट राजकीयदृष्ट्या सोयीची असते, कारण ज्याचे येथे मत नाही, त्याचा कैवार घेऊन कोणत्याही पक्षाच्या पदरात काही पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ च्या आदेशात ही बाब निःसंदिग्ध केली: स्थानिक रहिवासाचा दाखला, इतकेच काय ओळखपत्रही नसले, तरी कोणत्याही राज्यात रुग्णाला दाखल करणे वा आवश्यक औषधे नाकारता येणार नाहीत. मात्र हा आदेश महासाथीच्या संदर्भातला होता. सर्वकाळ लागू राहील असा नियम त्यातून आपोआप निर्माण होत नाही.

मार्ग अज्ञात नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत एका राज्याच्या लाभार्थ्यावर दुसऱ्या राज्यात उपचार होतात आणि खर्चाचा हिशेब यंत्रणा आपसांत करतात. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीही या योजनेत सामील झाली. तथापि तिचे कवच पात्र कुटुंबांना, तेही दाखल झाल्यावरच मिळते. बाह्यरुग्ण विभागाची रांग तिच्या कक्षेबाहेर आहे. ती भरपाईची पद्धत त्या रांगेपर्यंत नेणे हे केंद्र व राज्यांचे काम आहे. राज्याराज्यांतील अशा प्रश्नांसाठीच घटनेच्या अनुच्छेद २६३ ने आंतरराज्य परिषदेची तरतूद केली आहे. पत्त्याचा कागद हिशेबासाठी हवा असेल, तर तो उपचार सुरू झाल्यावरही मागता येतो.